पोर्ट लुईसचं बुकिंग, केपटाउनचा फेरा

मॉरिशसमधल्या पोर्ट लुईसच्या ऑफिसातून तक्रार यायची ती ठरलेल्या शब्दांत: ट्रॅकिंग झटकन उघडतं, बुकिंग मात्र लटकतं. कंपनी मालवाहतुकीची, मुंबई, मोम्बासा, डर्बन आणि मॉरिशस इथे तिची माणसं. आम्ही पुण्यात बसून तिचं पोर्टल सांभाळायचो. सर्व्हर दोन ठिकाणी होते, ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई आणि केपटाउन या रीजनमध्ये. केपटाउनचं रीजन २०२० साली सुरू झालं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मंडळींना कंटेनरचा ठावठिकाणा आणि कागदपत्रांचे स्कॅन पटकन दिसावेत, एवढ्यासाठी तिथला सर्व्हर घेतला होता. त्या कामात तो चोख होता.

कोणाला कुठल्या सर्व्हरकडे धाडायचं हे रूट ५३ ही डीएनएस सेवा ठरवायची, आणि नियम होता भौगोलिक जवळिकीचा. डोमेनचा पत्ता कोणी विचारला की ही सेवा विचारणारा पृथ्वीवर साधारण कुठे आहे याचा अंदाज बांधते, प्रत्येक सर्व्हरपर्यंतचं अंतर काढते आणि जो जवळ पडेल त्याचा आयपी पत्ता देऊन मोकळी होते. हे अंतर गोलावर दोरी ताणून मोजावं तसलं. समुद्राखालची केबल कुठून कुठे जाते, याचा त्यात विचार नसतो.

पोर्ट लुईसचं बुकिंग सांभाळणाऱ्या बाई शाळेत मराठी शिकलेल्या. आमच्याशी इंग्रजीत सुरू करायच्या आणि वैतागल्या की मराठीत यायच्या. "भाऊ, मुंबईहून आलेल्या साहेबांच्या लॅपटॉपवर चालतं. माझ्यावर का नाही?" मला वाटलं, रागाच्या भरात बोलताहेत. पण त्यांनी दोन्ही मशिनींवर तोच बुकिंगचा फॉर्म भरून वेळ लावून दाखवली. एकच खोली, एकच वायफाय. साहेबांचं बुकिंग बोट उचलायच्या आत जतन होत होतं, बाईंचं चाक मात्र फिरत राहायचं.

दोन्हीकडे एनएसलुकअप, म्हणजे डोमेनचा पत्ता विचारणारी आज्ञा, चालवायला सांगितलं आणि उत्तरं वेगळी आली. बाईंना केपटाउनचा पत्ता मिळत होता, साहेबांना मुंबईचा. साहेबांच्या लॅपटॉपवर कंपनीचं व्हीपीएन होतं. ते बाकी सगळं तिथल्या तिथे सोडायचं, पण डीएनएसचे प्रश्न तेवढे मुंबईच्या मुख्य कचेरीतल्या रिझॉल्व्हरकडे, म्हणजे आपल्या वतीने पत्ता विचारणाऱ्या सर्व्हरकडे, न्यायचं. रूट ५३ पर्यंत प्रश्न पोचायचा तो त्या रिझॉल्व्हरच्या नावाने, म्हणून तिच्या लेखी साहेब मुंबईत बसले होते. (गूगलचा ८.८.८.८ हा रिझॉल्व्हर वापरणाऱ्याच्या पत्त्याचा पुढचा भाग सोबत पाठवतो, म्हणजे निदान गाव चुकत नाही. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ खासगीपणा जपायचा म्हणून पाठवत नाही. दोघांचंही म्हणणं मला पटतं आणि दोघांमुळेही माझं काम वाढतं.)

म्हणजे बाईंना 'जवळचा' सर्व्हर मिळत होता आणि तोच नडत होता. मॉरिशस म्हटलं की आपल्याला ते मुंबईच्याच अंगाचं वाटतं. १८३४ पासून करारावर मजूर तिकडे गेले, त्यांत कोकणातलेही होते. पण अक्षांश-रेखांश घेऊन हिशेब केला तर पोर्ट लुईसपासून केपटाउन सुमारे ४,१३० किलोमीटर आणि मुंबई सुमारे ४,६७० किलोमीटर. नियमाने आपलं काम बरोबर केलं होतं.

गाडं अडत होतं ते पुढे. डेटाबेसची मूळ प्रत मुंबईत आणि केपटाउनला तिची फक्त वाचायची प्रत. ट्रॅकिंग म्हणजे निव्वळ वाचणं, ते केपटाउनातच उरकायचं. बुकिंग म्हणजे लिहिणं, आणि लिहायचं तर मुंबईच. गावच्या सेतू केंद्रात अर्ज दिला तरी सहीला तो वरच्याच कचेरीत जातो, तसं. त्यातही आमचं सॉफ्टवेअर बडबडं. एक बुकिंग जतन करताना ते डेटाबेसला एकामागून एक वीसेक प्रश्न विचारायचं आणि एकाचं उत्तर आल्याशिवाय पुढचा विचारायचं नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. केपटाउन ते मुंबई ८,२०० किलोमीटरवर धरली, तरी केबल अगदी सरळ आहे असं मानून एका फेरीला ८२ मिलिसेकंद. वीस फेऱ्या म्हणजे दीड सेकंदाहून जास्त, तेही कागदावर. प्रत्यक्षातल्या केबल वळसे घेतात. हेच बाई थेट मुंबईच्या सर्व्हरवर आल्या असत्या, तर लांबचा प्रवास फक्त त्यांच्या विनंतीचा. ते वीस प्रश्न मग मुंबईतल्या मुंबईत.

या नियमात 'बायस' नावाची एक कळ असते, उणे ९९ ते अधिक ९९. मुंबईला अधिक १२ दिला की मुंबईपर्यंतचं प्रत्येक अंतर १२ टक्क्यांनी कमी धरलं जातं: ४,६७० चे ४,११० होतात आणि मॉरिशस मुंबईच्या बाजूला येतं. आमच्यातल्या एकाने तेवढ्यावर काम संपवायची तयारी केली होती. पण बायस एका देशापुरता नसतो, सगळीच सीमारेषा सरकते. मोम्बासापासून केपटाउन जेमतेम ४,००० किलोमीटर, मुंबई ४,४५०. म्हणजे अधिक ११ लाच मोम्बासा मुंबईकडे येतं, मॉरिशसच्याही आधी. आणि मोम्बासाची माणसं दिवसभर स्कॅन उघडून बघायची, ज्यांच्यासाठी केपटाउनचा सर्व्हर घेतला तीच ही. कळ कितीही फिरवा, मॉरिशस एकटं हलत नाही.

मग जवळिकीच्या नियमाच्या वर देशाचा नियम बसवला. प्रश्न मॉरिशसमधून आला तर थेट मुंबई. बाकी सगळे खालच्या, अंतर मोजणाऱ्या नियमाकडे. पत्त्याची मुदत मिनिटभराचीच होती, तरी काही मशिनी जुनं उत्तर धरून बसल्या. दुपारी बाईंचा निरोप आला: झालं. ट्रॅकिंग आता पूर्वीपेक्षा कणभर हळू उघडत असणार, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या लोकांनी विचारलं, रियुनियन बेटावरच्या एजंटाचं काय? मॉरिशसपासून दोनशेएक किलोमीटरवर, पण फ्रान्सचं, त्यामुळे आमच्या नव्या नियमाच्या बाहेर. आणखी एक ओळ लागेल, मी म्हटलं. अशा किती ओळी लागणार? लिहिणं एकाच ठिकाणी होतंय तोवर लागत राहतील. दोन्हीकडे लिहिता येणारा डेटाबेस हवा असेल तर त्याचा अंदाज पाठवतो. पाठवला. संध्याकाळपर्यंत रियुनियनची ओळ मंजूर झाली होती.