हिरव्या जाळीखालचं पिंपळनेर

हरितगृह म्हटलं की डोळ्यांसमोर येतं लंडनच्या क्यू गार्डनमधलं काचघर. बाहेर गारठा, आत ऊब. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरला मामेभावाच्या शेडनेटमध्ये शिरले आणि सगळं उलटंच! खान्देशात मे महिन्यात पारा 44 अंशांवर जातो. इथली हिरवी जाळी ऊन अडवायला असते. खाली ठिबकवर वाढलेली, सुतळीने वर बांधलेली ढोबळी मिरची.

"कितलं ऊन शे!" म्हणत मामीने ताक दिलं.

"उन्हाची भीती नाही गं," भाऊ म्हणाला. "वळवाच्या वाऱ्याची आहे. जाळी फाटली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही."

दोन किलो मिरच्या घेऊन पुण्याला परतले. त्याच रात्री वारा सुटला. आधी फोन लावला तो पिंपळनेरला.