बाक आणि ओटा

निवृत्तांसाठी म्हणून हिंजवडी कोणी वसवली नाही. शेतांवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला तो तरुणांसाठी. पण नोकरीपाठोपाठ घर आलं, घरापाठोपाठ बाळ, आणि बाळाला सांभाळायला आजी-आजोबा. पुण्यात ‘अथश्री’सारखे खास ज्येष्ठांसाठी बांधलेले प्रकल्प आहेत; तिथे माणूस विचार करून, ठरवून जातो. इथे कोलकात्याच्या, विजयवाड्याच्या, पाटण्याच्या घराला कुलूप लावून माणसं नातवंडांसाठी आली आणि अकराव्या मजल्यावर राहून गेली.

संध्याकाळी सोसायटीचं वय एकदम वाढतं. मुलं-सुना अजून शिवाजी चौकाच्या गर्दीत अडकलेल्या असतात आणि खाली सगळे बाक भरलेले असतात. बाकांच्या वाटण्या झालेल्या आहेत: एक बंगाली, एक तेलुगू, दोन हिंदी. मराठी बाकही काही उदार नाही. आधी आडनाव विचारायचं, मग गाव, मग गावातली आळी. तीन प्रश्नांत समोरच्याची जात हाती लागते. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो याच पुण्यात. आज पाण्याला कोणी अडवत नाही. गुडघे, साखर, नातवाची शाळा यांवर बाकावर मनापासून बोलणं होतं. ते बोलणं लिफ्टपर्यंत येतं आणि तिथे थांबतं. एकमेकांच्या स्वयंपाकघरात फार थोडे जातात.

आमच्या इमारतीत इंफाळच्या एक बाई आहेत. २०२३च्या मे महिन्यात मणिपूर पेटलं, त्यानंतर लेकीने त्यांना इकडे आणलं. बाकावर त्यांना पहिला प्रश्न आला, “नेपाळ की चीन?” विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं, असं आपण लगेच म्हणतो. मला ते पटत नाही. बँकेत, शाळेत, सरकारी खात्यात हयात घालवलेल्या माणसांना आपल्याच देशाचा चेहरा ओळखता येऊ नये, हे साधं अज्ञान नाही. तो चेहरा आपला मानायची कधी गरजच वाटली नाही, असा त्याचा अर्थ आहे. २०१४ साली दिल्लीत निडो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी मारहाणीनंतर मरण पावला. सुरुवात त्याच्या केसांच्या चेष्टेतून झाली होती. त्याआधी, २००७ मध्ये, दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, असा सल्ला होता.

वासाचीच तक्रार आमच्याकडेही झाली. या बाई न्गारी वापरतात. ती आंबवलेली सुकी मासळी. उकडलेल्या भाज्या आणि मिरच्यांबरोबर ती कुस्करली की इरोम्बा होतो. सातव्या मजल्यावर रत्नागिरीच्या एक आजी राहतात. पावसाळ्याआधी त्यांच्याकडे गावाहून सुके बोंबील आणि सोडे येतात, आणि ते भाजले की खिडक्या धडाधड बंद होतात. न्गारीचा वास जिन्यात आला तेव्हा आजी नाक धरून पळाल्या नाहीत, थेट वर गेल्या आणि बेल वाजवली. दोघींची हिंदी जेमतेम. डबा उघडून दाखवणं, हुंगणं, मिरची किती हे बोटांनी सांगणं, एवढ्यावर दुपार गेली. इंफाळला इमा कैथेल नावाचा फक्त बायकांनी चालवलेला प्रचंड बाजार आहे, हे कळल्यावर आजींनी मिरकरवाड्याच्या कोळणींचं वर्णन सुरू केलं, हातवाऱ्यांसकट. तेव्हापासून ओट्यावरची ये-जा आहे. गेल्या चैत्र पौर्णिमेला गावच्या यात्रेत ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला निघालं, ते बघायलाही त्या दोघी मिळून गेल्या. आमच्या बाकांवरचे बहुतेक ज्येष्ठ ते बघायला गेटबाहेर पडलेच नव्हते. ज्यांच्या जमिनीवर आपण राहतो त्या गावातल्या म्हाताऱ्यांशी आपली ओळखच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे सोसायटीच्या बैठकीत वासाचा विषय निघाला. कोणीतरी नोटिशीचा मसुदा वाचायला घेतला. आजी उठल्या आणि म्हणाल्या, “वास माझ्याही घरातनं येतो. नोटीस काढायचीच तर दोघींच्या नावानं काढा.” मसुदा तसाच राहिला. तक्रारी अजून होतात. इंफाळच्या बाई अजूनही ठरावीक बाकावर बसत नाहीत. आजी मात्र आता मराठी बाक सोडून त्यांच्या शेजारी बसतात, आणि परवा विजयवाड्याच्या एका बाईंनी त्यांना लोणचं आणून दिलं.