‘ओपुस’ : कामाचा एक लॅटिन शब्द

प्राचीन रोममध्ये कामासाठी जे शब्द रूढ होते, त्यांतील ‘लाबोर’ आणि ‘ओपुस’ यांची क्षेत्रे वेगळी होती; ‘लाबोर’ म्हणजे कष्ट, ज्यांत अंगमेहनतीबरोबर सोसणेही आले, तर ‘ओपुस’ म्हणजे हाती घेतलेले काम आणि ते पुरे झाल्यावर समोर उभी राहणारी कृती, अशी दोन्ही. व्हर्जिलच्या ‘इनीड’ महाकाव्याच्या सहाव्या सर्गात पाताळात उतरू पाहणाऱ्या इनीअसला भविष्यवादिनी बजावते की उतरणे सोपे आहे, अवघड आहे ते परत वर येणे. आणि तेथे कवीने हे दोन्ही शब्द शेजारी ठेवले आहेत, कारण ते परतणे कार्यही आहे आणि क्लेशही.

‘ओपुस’ला ‘आहे’ या अर्थाचे ‘एस्त’ हे क्रियापद जोडले की ‘गरज आहे’ असा अर्थ होतो आणि जिची गरज ती वस्तू बहुधा पंचमी-तृतीयेचे कार्य करणाऱ्या विभक्तीत येते. लॅटिन शिकणाऱ्या परक्या विद्यार्थ्याला ही रचना चमत्कारिक वाटते. मराठी भाषकाला मात्र ती तशी वाटू नये, कारण ‘पैशांचे काम पडले’ किंवा ‘तुमच्याकडे जरा काम होते’ असे म्हणताना तोही गरज आणि काम एकाच शब्दाने सांगत असतो.

या शब्दाचे खरे वैभव बांधकामात दिसते. रोमन भिंतींच्या प्रकारांना पुरातत्त्वज्ञ आजही ‘ओपुस’नेच ओळखतात : चौकोनी तोंडाचे लहान दगड तिरपे बसवून जाळीसारखी दिसणारी भिंत ती ‘ओपुस रेतिकुलातुम’, आणि वेडेवाकडे दगड जसे जुळतील तसे चुन्यात बसवलेली ती ‘ओपुस इन्सेर्तुम’. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील स्थापत्यकार विट्रूव्हिअस याने आपल्या वास्तुग्रंथाच्या दुसऱ्या भागात या दोहोंची तुलना केली असून जाळीची भिंत देखणी पण तडकणारी, आणि जुनी ओबडधोबड भिंत दिसायला साधी पण अधिक टिकाऊ, असा निर्वाळा दिला आहे. दगडकाम, विटकाम, नक्षीकाम, जरीकाम या मराठी शब्दांत ‘काम’ जे कार्य करते तेच येथे ‘ओपुस’ करतो; करणे, करण्याची रीत आणि केलेली वस्तू यांत तो भेद मानत नाही. त्याचा वैदिक भाऊबंद ‘अपस्’ हाही कर्मवाचकच आहे, आणि इंद्राचे वज्र घडवणाऱ्या त्वष्ट्याला ऋग्वेदात ‘स्वपस्’, म्हणजे उत्तम काम करणारा, असे विशेषण लावलेले आढळते.

गवंड्याचा हाच शब्द कवींनीही निःसंकोचपणे घेतला. ओव्हिडने ‘मेटामॉर्फोसिस’च्या शेवटी आपल्या काव्याला ‘ओपुस’ म्हटले आणि अग्नी किंवा लोखंड त्याला नष्ट करू शकणार नाही असे जाहीर केले. पुढे हद्दपारीत लिहिलेल्या कवितांत मात्र तेच काव्य आपण स्वतः आगीत टाकल्याचे, आणि इतरांकडच्या प्रतींमुळे ते वाचल्याचे तो सांगतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी केलेल्या नियमावलीत ठरलेल्या वेळांच्या सामूहिक प्रार्थनेला ‘ओपुस देई’, देवाचे काम, हे नाव मिळाले आणि त्याहून वरचढ काहीही मानू नये असा दंडक घातला गेला. त्याच नियमावलीत हाताच्या रोजच्या कामावर स्वतंत्र प्रकरण आहे, हे विसरता कामा नये. संगीतात हा शब्द प्रकाशित रचनांच्या अनुक्रमांकापुरता उरला, आणि हे क्रमांक प्रकाशनाचे असल्यामुळे बीथोव्हनच्या दुसऱ्या पियानो कन्चर्टोचा बराचसा भाग पहिल्याच्या आधी रचला गेला असूनही त्याचा क्रमांक 19 आणि पहिल्याचा 15 आहे. ‘माग्नुम ओपुस’, म्हणजे एखाद्याची सर्वश्रेष्ठ कृती, या प्रयोगाने तर शब्दाला फार उंचावर नेऊन बसवले; त्यात त्याची हानीच झाली असे म्हणावे लागते, कारण भिंत आणि महाकाव्य यांना एकाच मापाने मोजणारी त्याची जुनी उदारता तेथे हरवते.

ती उदारता टिकली आहे ती त्याच्या वंशजांत, आणि ते मराठी माणसाच्या आयुष्यात अनेक टप्प्यांवर भेटतात. ‘ओपुस’ आणि ‘करणे’ या अर्थाचा धातू मिळून ‘ओफिकिउम’ झाला, ज्याचा सिसेरोच्या काळी अर्थ कर्तव्य असा होता; पुढे कर्तव्याचे पद झाले, पदाची जागा झाली, आणि खेड्यातल्या तोंडी ते ‘हापीस’ बनले. ‘ओपेरा’, म्हणजे खर्ची घातलेले श्रम, या भगिनीशब्दावरून इटलीत संगीतनाट्याला नाव मिळाले आणि तिच्याच क्रियापदावरून रुग्णालयातले ‘ऑपरेशन’ आले. त्याच क्रियापदाला ‘सह’ या अर्थाचा उपसर्ग लागून झालेला शब्द ‘को-ऑपरेटिव्ह’ या रूपात महाराष्ट्रात पोहोचला आणि त्याला मिळालेल्या ‘सहकार’ या प्रतिशब्दाची घडण नेमकी तशीच, सह आणि करणे अशी, आहे (संस्कृत काव्यात हाच शब्द सुगंधी आम्रवृक्षाचेही नाव आहे). 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीच्या परिसरात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा लहान शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून जे उभारले ते काम, ते करण्याची रीत आणि त्यामागची गरज या तिन्ही अर्थांनी ‘ओपुस’ होते.