एका पटावर दोन कायदे

अब्बांच्या बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. किल्लेकोट नाही, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजा एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारू शकतो. प्यादं पलीकडे पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं, तेच मोहरं होतं. आमच्या मुलाचं बुद्धिबळ शाळेतलं, आंतरराष्ट्रीय नियमांचं. अम्मींच्या इंतकालानंतर अब्बा गाव सोडून आमच्याकडे आले. घरात बोलायला त्यांना हा एकच नातू मोकळा, आणि तिसऱ्याच दिवशी दोघांनी पट मिटला. "हा खेळ नाही, ही लबाडी आहे," असं दोघांचंही एकमेकांविषयी मत!

कुणी कुणाचे नियम शिकायचे? पंजाबचे मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढले, मग परके नियम शिकून १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून आले. पण ते तरुण होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आता तू चुकीचं खेळत होतास, असं कोण सांगणार?

म्हणून आम्ही नवरा-बायकोने तिसरा खेळ काढला: ज्याचं सैन्य, त्याचा कायदा. काळी मोहरी अब्बांच्या रीतीने चालतील, पांढरी शाळेच्या. दोन घरं जाणारं प्यादं वाटेत मारण्याचा वादग्रस्त नियम आपोआपच गळाला. अब्बांचं प्यादं दोन घरं जात नाही म्हणून नातू मारू शकत नाही, आणि अब्बांच्या कायद्यात तो नियमच नाही. मात्र काळी बाजू लंगडी पडू लागली. मग ठरलं की डाव सुरू होण्याआधी अब्बांनी दोन प्यादी एकेक घर पुढे घ्यावीत. आता सामना बरोबरीचा होतो.

अशी भेसळ नवी नाही. तैमूरच्या दरबारात खेळल्या जाणाऱ्या मोठ्या शतरंजचा पट ११० घरांचा, शिवाय दोन्ही बाजूंना एकेक किल्ल्याचं घर. त्याच्या मोहऱ्यांत जिराफही होता! हे वाचून दाखवल्यावर धाकटीलाही आपलं मोहरं हवं झालं. तिला आम्ही जुन्या शतरंजमधला 'फील' दिला. फील म्हणजे हत्ती. पण तो कोपऱ्यात नसतो, आपल्या उंटाच्या जागी बसतो आणि तिरकी दोन घरं उडी मारतो. चौसष्टपैकी फक्त आठ घरं त्याच्या वाट्याला येतात. तिला ती पाठ आहेत. दादाजान कधी त्या घरात येतात, याची ती मांजरासारखी वाट बघते.

बुद्धिबळाविषयी उलेमांत मतभेद आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे पैज नाही, आणि अजान झाली की मोहरी जिथल्या तिथे ठेवून सगळे उठतात. हा नियम अब्बांनीच वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

एक कलम अजून अडलेलं आहे. राजाला शह नाही, पण कुठलीच चाल उरलेली नाही, तेव्हा काय? नातू म्हणतो बरोबरी. जुन्या शतरंजमध्ये कोंडणारा जिंकत असे. अब्बा म्हणतात, आमच्या गावात अशी कोंडी करूच देत नाहीत, चाल परत घ्यायला लावतात. तिन्ही मतं वहीत लिहिली आहेत. निकाल लागेपर्यंत धाकटी असा डाव आपल्या नावावर लावून घेते.