उसना नाद

मराठींत 'नाद' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक कानांत शिरतो आणि दुसरा डोक्यांत. हे दोन्ही अर्थ एकाच मुलाच्या ठिकाणीं एकवटले म्हणजे घराची काय अवस्था होते, याचा अनुभव आमचें कुटुंब गेलीं दोन वर्षें घेत आहे. आमच्या चिरंजीवांना नुसती विजेची गिटार वाजवावयाची असती, तर त्यांत लिहिण्यासारखें कांहीं नव्हतें. पुण्यांत आतां गिटार भिंतीला टेकून उभी आहे अशीं घरें थोडीं नाहींत. पण त्यांना हवा आहे तो एका विशिष्ट माणसाच्या गिटारीचा, एका विशिष्ट गाण्यांतला आवाज. माणूस ब्रायन मे, गाणें 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', साल १९७५. त्यांतले स्वर चिरंजीवांना पाठ आहेत, बोटांना ते येतातहि. आवाज मात्र तो नव्हे.

स्वर आणि आवाज हे दोन निराळे पदार्थ आहेत, हें मला समजावयास पंधरा दिवस लागले. माझ्या आईला एक मिनिटहि लागलें नाहीं. ती पलीकडच्या खोलींत जप करीत बसली होती, तेथूनच म्हणाली, "अरे, त्याची जवारी लागली नाहीं अजून."

आई मिरजेच्या तंबोऱ्यावर गाणें शिकली. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं बारीक दोरा सरकवावयाचा आणि ज्या जागीं तार गुंजूं लागेल तेथेंच तो सोडून द्यावयाचा, ही क्रिया मीं लहानपणीं असंख्य वेळां पाहिली आहे. तार तीच, ताण तोच, स्वरहि तोच. पण दोरा जागेवर आला कीं त्या एका स्वराच्या पोटांतून वरचे स्वर जागे होतात आणि खोली भरून जाते. विजेच्या गिटारींतहि अखेर हेंच करावयाचें असतें. साधनें तेवढीं वेगळीं. या गिटारीच्या पोलादी तारा लोहचुंबकाभोंवतीं गुंडाळलेल्या वेटोळ्यावर थरथरतात, वेटोळ्यांत अत्यंत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक, ज्याला हीं मुलें 'अँप' म्हणतात, तो प्रवाह मोठा करून स्पीकरकडे धाडतो. अँपमधल्या व्हॉल्व्हांना त्यांच्या शक्तीबाहेर रेटलें कीं ध्वनिलहरींचे गोल माथे छाटले जातात. या छाटणींतूनच नवे स्वर जन्माला येतात. पांचवी तार मोकळी छेडली तर सेकंदाला ११० आंदोलनें होतात. माथे छाटले जातांच त्याच स्वरांत ३३०, ५५०, ७७० आंदोलनांचे स्वर जोर धरूं लागतात. इंजिनियर याला विकृति म्हणतो, आई जवारी म्हणते. मी स्वतः इंजिनियर असूनहि या बाबतींत आईच्या बाजूचा आहें.

या विकृतीचा इतिहास म्हणजे बिघाडांचाच इतिहास आहे. १९६१ सालच्या सुमारास नॅशव्हिल येथें मार्टी रॉबिन्स यांचें एक गाणें ध्वनिमुद्रित होत असतां यंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांचें वादन भलतेंच खरखरीत उमटलें. लोकांना तें इतकें आवडलें कीं मुद्रणकार ग्लेन स्नॉडी यांनीं तोच बिघाड मुद्दाम उत्पन्न करणारी पेटी तयार केली. ती १९६२ सालीं 'फझ-टोन' या नांवानें विक्रीस आली, आणि तीन वर्षांनीं कीथ रिचर्ड्स यांनीं 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यांत ती वापरल्यावर तिचा बोलबाला झाला. लंडनच्या डेव्ह डेव्हिस या पोरसवद्या वादकानें १९६४ सालीं त्याहून सोपा मार्ग काढला होता: आपल्या लहानशा अँपच्या स्पीकरचा कागदच त्यानें दाढीच्या पात्यानें चिरला. माझ्या वडिलांच्या रेडिओवर मीं असा प्रयोग केला असता, तर हा लेख लिहावयास मी उरलों नसतों.

ब्रायन मे यांची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिनेंच माझें मन वेधलें. त्यांचा आवाज बाजारांत कोठेंच विकत मिळत नव्हता, कारण त्यांची गिटारच घरांत घडलेली होती. १९६३ सालीं सोळा वर्षांच्या या मुलाजवळ चांगल्या गिटारीपुरते पैसे नव्हते. त्याचे वडील हॅरोल्ड मे हे आराखडे काढण्याच्या नोकरींत होते आणि विजेच्या कामांत त्यांचा हात चांगला चाले. बापलेकांनीं सुमारें दोन वर्षें खपून गिटार बनविली. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लांकडांतून कोरली. त्या लांकडाला कीड लागून पडलेलें भोंक काडेपेटीच्या काडीनें बुजविलें. तारा ताणणाऱ्या दांडीखालीं जुन्या मोटारसायकलीच्या स्प्रिंगा घातल्या. पट्टीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यांतलीं शिंपल्याचीं बटणें आलीं. चुंबकाचीं वेटोळीं तेवढीं विकतचीं, बर्न्स या कारखान्याचीं. तींहि चिकट राळेंत बुडवून घट्ट केलीं, म्हणजे मोठ्या आवाजांत तीं किंकाळूं नयेत. अशा गिटारीवर त्या माणसानें पुढें साऱ्या जगभर वादन केलें. आमच्या घरीं स्क्रू सुद्धां डबींत जपून ठेवण्याची परंपरा असल्यामुळें ही हकीकत आईला अतिशय पसंत पडली. गाण्याचा कर्ता आणि गायक फ्रेडी मर्क्युरी हा पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत शिकलेला फरोख बलसारा, हें कळल्यावर तर तिचा उरलासुरला विरोधहि मावळला. "पांचगणीची हवा आवाजाला चांगलीच," असें ती म्हणाली.

गिटार निराळी असली तरी तिच्या पुढची सांखळी आम्हांला जुळवितां येण्यासारखी होती. मे यांचा अँप व्हॉक्स कारखान्याचा, तीस वॅटांचा. त्याचा आवाज ते अगदीं शेवटापर्यंत चढवून ठेवीत आणि कमीअधिक जें करावयाचें तें गिटारीवरच्या बटणानें करीत. तीस वॅट हा आंकडा दिव्याला मामुली आहे. व्हॉल्व्हच्या अँपला तो मामुली नाहीं. आमच्या इमारतींत तो पुरता चढविला असतां तर खालच्या मजल्यावरच्या वृद्ध गृहस्थांशीं असलेला आमचा तीस वर्षांचा स्नेह संपला असता. म्हणून त्याच घराण्यांतला चार वॅटांचा धाकटा भाऊ आणला. मोठ्यांत ज्या जातीचे चार व्हॉल्व्ह असतात, तसा यांत एक आहे. त्याचें गुणगुणणें त्याच वळणाचें आहे, पण छाती लहान. वेळ ठरली सायंकाळीं पांच ते सहा.

गिटार आणि अँप यांच्या मध्यें एक लहानशी पेटी लागते. हिचें काम वरवर पाहतां उलटें वाटतें. अँप फोडावयाचा तर त्याला अधिक खाद द्यावी, हें सरळ आहे. पण खर्जाचे स्वर अधिक दिले तर अँप गढूळ होतो, स्वर एकमेकांत कालवले जातात. म्हणून ही पेटी खर्ज अडवून फक्त वरचे स्वर चढविते. मे यांनीं ही युक्ति रोरी गॅलघर या आयरिश वादकाला विचारून घेतली. त्यानें ती मोकळेपणानें सांगितली, हें मला विशेष वाटतें. आपल्याकडे कित्येक उस्ताद चीजेचा अंतरा सुद्धां सहजासहजीं देत नसत. मूळ पेटी म्हणजे 'रेंजमास्टर'. तिच्यांत जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर, चारदोन किरकोळ भाग आणि नऊ व्होल्टांची बॅटरी, एवढाच ऐवज. ती मीं जोडून दिली. ट्रान्झिस्टर जुन्या मोडक्या रेडिओंतून काढले. भारत इलेक्ट्रॉनिक्सचा ठसा असलेले, माझ्या वयाचे. बारा काढले, तपासले, त्यांतले तीन कामाचे निघाले. डाक देतांना माझा हात अजून कांपत नाहीं, याचा मला जो आनंद झाला तो मीं कोणाला बोलून दाखविला नाहीं.

पण जर्मेनियम ही उष्णतेला भिणारी जात. तपमान दहा अंश चढलें कीं तिच्यांतून होणारी प्रवाहाची गळती जवळजवळ दुप्पट होते. मार्गशीर्षांत गोड बोलणारी पेटी वैशाखांत घोगरी झाली. चिरंजीवांनीं ती कापडांत गुंडाळून माठाच्या तिवईखालीं, थंड फरशीवर ठेवावयास आरंभ केला, आणि आमच्या घरांतून यावर जी टीका झाली ती येथें देत नाहीं. उपाय मात्र लागू पडला. इंग्लंडांत या पेटीवर माठाची पाळी आली नसावी.

राहिलें नाणें. मे तारा छेडतात त्या सहा पेनींच्या नाण्यानें. नखीसारखें तें लवत नाहीं, आणि त्याची दांतेरी कड तारेवर घासून प्रत्येक स्वराच्या आरंभीं एक व्यंजन उमटतें. गाणाराच्या तोंडीं आकाराऐवजीं 'त' किंवा 'ख' यावा तसें. तें नाणें इंग्लंडांत १९८० सालीं चलनांतून गेलें. आईनें देव्हाऱ्यांतल्या डबींतून एक जुनी पावली काढून दिली. तीहि तांबें आणि निकेल यांचीच, जवळजवळ त्याच आकाराची, कडेला तशाच रेघा. तीहि २०११ सालीं बाजारांतून उठली. तारेवर मात्र ती अजून चालते, आणि तिनें जेवढा फरक पडला तेवढा माझ्या ट्रान्झिस्टरनेंहि पडला नव्हता.

आजकाल हें सगळें संगणकांत मिळतें, असें मला कित्येकांनीं सांगितलें. मीं तें ऐकलेंहि आहे, आणि तें वाईट नाहीं. चिरंजीवांजवळहि तें आहे. पण त्याच्यासाठीं बापाची गरज पडत नाहीं.

येथवर सारें गमतीचें झालें. हॅरोल्ड मे यांच्याविषयीं पुढचें वाचतांना माझी गंमत ओसरली. ज्या बापानें मुलाबरोबर दोन वर्षें रंधा मारला, त्याच बापाला त्या गिटारीवर मुलानें पोट भरावें हें सोसलें नाहीं. ब्रायन मे इंपीरियल कॉलेजांत ग्रहांमधल्या धुळीवर प्रबंध लिहीत होते. १९७४ सालीं तो अर्धा टाकून ते बँडच्या मागें गेले, आणि घरांत दुरावा आला. पुढें मुलानें आईबापांना विमानानें न्यूयॉर्कला नेलें, तेथल्या अफाट सभागृहांत आपलें वादन ऐकविलें, तेव्हां कोठें वडिलांचें मन वळलें. प्रबंध २००७ सालीं पुरा झाला. हॅरोल्ड मे यांनीं तो पाहिला नाहीं.

चिरंजीवांनीं हें माझ्या आधींच वाचलें होतें. गेल्या महिन्यांत मीं डाक देत असतां ते सहज बोलल्यासारखें म्हणाले, "बाबा, तिसरें वर्ष झाल्यावर एक वर्ष कॉलेज थांबवावें म्हणतों." धूर डोळ्यांत गेला म्हणून मीं मान वळविली आणि तारेचें टोंक धरावयास सांगितलें. त्यांनीं धरलें. त्यानंतर तो विषय दोघांपैकीं कोणीहि काढलेला नाहीं. त्यांच्या आईला तो ठाऊक आहे, हें तिच्या पोळ्या लाटण्यावरून मला कळतें.

आवाज आतां बराच जवळ आला आहे. आई म्हणते, जवारी लागली, पण दोरा अजून केसभर पुढें आहे. आणि तिचें म्हणणें खरें आहे. पुढच्या वर्षाचें शुल्क भरण्याची मुदत वीस तारखेपर्यंत आहे. तो कागद सध्यां टेबलावर, ट्रान्झिस्टरांच्या डबीखालीं आहे.