चौथ्या दिवसानंतर

आमच्या लहानपणी घरातील स्त्रीच्या पाळीविषयी जे दप्तर अत्यंत काटेकोरपणे राखले जाई, ते शिवाशिवीचे होते. कोण कधी बाजूला बसली, चौथ्या दिवशी कोणी डोक्यावरून न्हाऊन घेतले आणि पाचव्या दिवशी कोणाचा देवघरातील मज्जाव उठला, हे पोरासोरांनाही ठाऊक असे. परंतु जिचे रक्त आठव्या-दहाव्या दिवशीही थांबत नसे, तिच्याकरिता त्या आचारधर्मात बाजूचा मुक्काम वाढविण्यापलीकडे कोणतीही तजवीज नव्हती. माझ्या एका आत्याच्या 'अंगावरून फार जाई', आणि 'चाळिशी लागली की असंच व्हायचं' असा फैसला वडीलधाऱ्या बायकांनी केव्हाच देऊन टाकला होता. तिचा चेहरा पांढराफटक पडला, माडीचा जिना चढताना तिला मध्येच बसावे लागे, आणि ती चोरून पाटीवरची पेन्सिल खाई. शरीरातील लोह ओसरले म्हणजे अशी विपरीत वासना उत्पन्न होते, हे कोणास ठाऊक नसल्यामुळे ती खोड घरात चेष्टेचा विषय झाली होती. सोसणे हा त्या पिढीच्या स्त्रियांचा धर्म होता, असे आपण मोठ्या आदराने लिहितो. मला त्या आदरात थोडी लबाडी दिसते. कारण जे सोसले जाते, त्याची तहकिकात करण्याची जबाबदारी हा आदर आपल्या शिरावरून अलगद उतरवितो.

सामान्यतः एका पाळीत 30 ते 40 मिलिलिटर रक्त जाते आणि 80 च्या वर गेल्यास ते अतिरिक्त समजावे, असे पुस्तकांत लिहिलेले असे. पण कोणती गृहिणी माप घेऊन बसणार? म्हणून आता शास्त्रही मापापेक्षा तिच्या जबानीला अधिक वजन देते. कारणांचा विचार करताना 2011 साली स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने जी वर्गवारी मान्य केली, तिचे मर्म असे की काही कारणे तपासणीत डोळ्यांना दिसतात आणि काही मुळीच दिसत नाहीत. दिसणाऱ्यांत पॉलिप, फायब्रॉइडच्या गाठी, अस्तराच्या पेशी स्नायूंत शिरून गर्भाशय जाड होणे, आणि क्वचित कर्करोग. यांपैकी पॉलिप म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचाच एखादा भाग प्रमाणाबाहेर वाढून, कधी देठावर लोंबणारा तर कधी बसका असा, आतील पोकळीत डोकावणारा कोंब. इस्ट्रोजेन या संप्रेरकावर तो पोसतो. वाढते वय, स्थूलता, रक्तदाब आणि स्तनाच्या कर्करोगावर दिले जाणारे टॅमॉक्सिफेन यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात, लहान असले तर कधी आपोआप नाहीसेही होतात. परंतु पाळी कायमची गेल्यानंतर रक्त दिसले, तर मात्र क्षणभरही ढिलाई करू नये.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सोनोग्राफीत पॉलिप सापडला म्हणजे आरोपी हाती लागला, असे सर्वांनाच वाटते, डॉक्टरांनाही; वास्तविक खरे कारण थायरॉइडच्या मंदपणात, बीज वेळेवर न सुटल्याने एकट्या इस्ट्रोजेनखाली वाढत राहिलेल्या अस्तरात, बसविलेल्या तांबीत किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांत दडलेले असू शकते. कधी ते रक्तातच असते. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी 1926 साली ऑलंड बेटांवरील एका कुटुंबातील रक्तस्रावाची आनुवंशिक व्याधी वर्णिली. ज्या लहान मुलीपासून त्यांचा शोध सुरू झाला, ती पुढे आपल्या चौथ्याच पाळीतील रक्तस्रावाने दगावली. वयात आलेल्या मुलीला पहिल्या पाळीपासूनच अतोनात जात असेल, तर 'नवीन आहे, होईल सुरळीत' असे म्हणण्यापूर्वी ही हकिकत आठवावी.

आमच्या आत्याच्या काळी सोसणे होते. त्याच्या दुसऱ्या टोकाला आता 'पिशवी काढून टाका' हा सल्ला उभा आहे, आणि या दोहोंमध्ये जो प्रश्न विचारावयाचा, तो दोन्हीकडे गाळलाच जातो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची स्थिती 2019 साली चव्हाट्यावर आली, तेव्हा पाहणी केलेल्या 82 हजारांहून अधिक स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नवरा-बायको मिळून मजुरीचा एक 'कोयता', मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, एका दिवसाच्या खाड्याला दंड; आणि फडावर ना आडोसा ना पाणी. अशा जिण्यात पाळीच नको, असे एखादीने म्हटले तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. परंतु जो पॉलिप दुर्बिणीतून काढून बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते, किंवा जो स्राव गोळ्यांनी आटोक्यात येतो, त्याच्यासाठी पस्तिशीच्या आत सबंध अवयव देणे, आणि त्याबरोबर बीजकोशही गेले तर हाडांची झीज अकाली ओढवून घेणे, हा सौदा तिच्यापुढे कोणी नीट मांडला होता?

त्यानंतर जिल्ह्यातील खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा हुकूम झाला. हा अंकुश मला मान्य आहे. मात्र सोनोग्राफी, थायरॉइडची तपासणी आणि जरूर तेथे अस्तराचा तुकडा काढून पाहणे, एवढे जरी फडाच्या जवळपास, मजुरी न बुडता होऊ लागले, तरी परवानगीचे कित्येक अर्ज लिहावेच लागणार नाहीत.