ओट्यावर चढवलेली विळी

विळी हे बसून वापरायचे हत्यार आहे. तिचा पाट गुडघ्याखाली किंवा पावलाखाली दाबून धरायचा, पात्याची धार आपल्याकडे ठेवायची आणि भाजी दोन्ही हातांनी त्या धारेवर पुढे ढकलायची. सुरीने चिरताना हत्यार हलते आणि भाजी जागच्या जागी राहते. विळीवर भाजी हलते आणि हत्याराने जराही हलायचे नसते. माझी सगळी नोकरी भेल (BHEL) कारखान्याच्या टूल रूममध्ये गेली. काम करताना वस्तू पक्की धरली जावी म्हणून जिग आणि फिक्श्चर बनवणे हाच माझा धंदा. तरी आईची विळी सुधारायला घेतली तेव्हा मी चुकांवर चुका करत गेलो, आणि त्यातल्या एका चुकीपायी आईच्या तळहाताला टाके पडले. गुडघे दुखणाऱ्या आया आणि उभ्या ओट्याची स्वयंपाकघरे आता घरोघर आहेत. कोणी ना कोणी मुलगा हा उद्योग पुन्हा करणारच, म्हणून हे लिहितो आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि जुन्या राजधानीतून, म्हणजे नागपुरातून, सरकारी कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडे इकडे हलली. माझे आजोबा त्यांतलेच. सामानात पाटा-वरवंटा होता, पितळेचे डबे होते आणि ही विळी होती. पाट सागवानी, वर्षानुवर्षे गुडघा टेकून टेकून एका जागी गुळगुळीत खोलगट झालेला. पाते लोहाराने ठोकून घडवलेले, काळे. मुडपायची सोय असलेले, टोकाला खोबरे खवायची दातेरी खवणी. टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये सगळा स्वयंपाक खाली बसूनच व्हायचा. लग्न होऊन आल्यापासून आई याच विळीवर चिरत आली. पुढे आम्ही कोलार रोडला घर बांधले, ग्रॅनाइटचा ओटा आला, गॅस वर गेला. विळी तेवढी खालीच राहिली. आई भाजी चिरायला खाली बसायची आणि फोडणी द्यायला उठायची.

मग गुडघे बोलू लागले. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला साफ मनाई केली. मी चांगली सुरी आणि लाकडी फळी आणून दिली. आईने ती वापरून पाहिली आणि बाजूला ठेवली. तिच्या हाताला सुरीची सवयच नव्हती. विळीवर दोन्ही हात भाजीला असतात. बोटांना कळत असते की किती पुढे सरकवले म्हणजे किती जाड फोड पडेल. म्हणून तर कोशिंबिरीचा कोबी केसासारखा चिरला जातो. सुरीत एक हात मुठीला अडकतो. हे तिने मला शब्दांत सांगितले नाही, मीही विचारले नाही. मी ठरवूनच टाकले की विळीच ओट्यावर चढवायची.

पाटाच्या खालून लोखंडी पट्टी घेतली, तिला स्क्रूचा क्लॅम्प बसवला आणि विळी ओट्याच्या कडेला आवळली. जुने पाते काढून ठेवले आणि नवे, चकचकीत, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याचे कापून बसवले. गंजणार नाही, वांगे काळे पडणार नाही, पाहुण्यांसमोर शोभून दिसेल असा विचार होता. ३०४ ला उष्णतेची प्रक्रिया करून कडकपणा आणता येत नाही आणि त्यामुळे धार टिकत नाही, हे मला पक्के ठाऊक होते. मीच ते कितीतरी मुलांना शिकवले असेल. पण भाजी चिरायला कसला कडकपणा हवा, असे म्हणून मी स्वतःचे ज्ञान बाजूला ठेवले. कारखान्यात ही सूट मी कुणालाही दिली नसती. घरच्या कामाला मी हलके धरले, आणि या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत लागलेली गोष्ट हीच आहे.

दुसरी चूक उंचीची. आमचा ओटा ८६ सेंटिमीटरचा. त्यावर पाट आणि पाते धरून भाजीचे हात जमिनीपासून सुमारे १०१ सेंटिमीटरवर जात. आईची उंची १४७ सेंटिमीटर. उभी राहिली की तिचे कोपर जेमतेम ९० वर येते. उभ्याने जोर लावून करायचे काम कोपराच्या वीतभर खाली असावे, हा साधा नियम आहे. मी ते कोपराच्या अकरा सेंटिमीटर वर नेऊन ठेवले होते. तिला खांदे उचलून, टाचा वर करून भाजी ढकलावी लागे. अंगाचा भार भाजीवर येतच नसे, सगळा जोर मनगटांतून. त्यात पात्याची धार बोथट होत चाललेली, म्हणजे आणखी जोर. एका चुकीने दुसरी चूक दुप्पट केली.

आईने तक्रार केली नाही. आमच्याकडे जेवणच बदलत गेले, आणि ते माझ्या लक्षात आले नाही. मेथी यायची बंद झाली. कोबी बंद, गवार बंद, पडवळ बंद. आज पिठले, उद्या मटकीची उसळ, परवा उकडलेल्या बटाट्यांची भाजी, मग वरण-भात आणि लोणचे. बायको एकदा म्हणाली, "अहो, आई चिरावी लागणारी भाजीच करत नाहीत." मी म्हणालो, वयाने भूक कमी झाली असेल. मुलाने एवढ्या हौसेने केलेल्या वस्तूला नाव कसे ठेवायचे, म्हणून ती बिचारी भाजीच टाळत होती. एखादी वस्तू जमली की नाही हे वापरणाऱ्याच्या तोंडून कळेलच असे नाही. ते त्याच्या ताटात पाहावे लागते. मी रोज त्याच ताटात जेवत होतो.

नारळी भाताच्या दिवशी ती पहिल्यांदाच त्या उंच विळीवर खोबरे खवायला उभी राहिली. खवताना जोर वेगळ्याच दिशेने लागतो. वाटी दाबत गोल फिरवायची असते, त्यामुळे विळीला पुढे-मागे आणि आडवे असे दोन्ही हिसके बसतात. ग्रॅनाइट पॉलिश केलेला, त्यावर तेलाचा हात लागलेला. क्लॅम्प फिरला, विळी कलंडली, तिचा तळहात पात्यावर आला. बोथट पात्याने जखम सरळ होत नाही, फाटते. दवाखान्यात तिने डॉक्टरांना सांगितले की माझाच हात घसरला. तिचा हात घसरला नव्हता. क्लॅम्प मी बसवला होता, आणि जमिनीवरच्या विळीला माणसाचे अख्खे वजन धरून ठेवते या गोष्टीचा हिशेब मी केला नव्हता. ज्याला मी फिक्श्चर म्हणतो ते तिथे तिचा गुडघा होता. मी तोच काढून घेतला होता.

यानंतर मी वाचायला लागलो. आधी वाचायला हवे होते. बैरसिया रोडवर नबीबागेत केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे, १९७६ पासूनची. शेतीतल्या अवजारांसाठी माणसाच्या शरीराची मापे घेण्याच्या देशभरच्या कामाचा समन्वय तिथून चालतो. शेतात राबणाऱ्या स्त्री-पुरुषांची मापे आणि त्यांची ताकद यांचे जाडजूड पुस्तक त्यांनी २००९ मध्ये काढले. भारतीय बाईचे कोपर बसल्यावर किती उंच असते, पंजा किती रुंद असतो, ती किती जोराने ढकलू शकते, हे सगळे मोजून ठेवणारी जागा माझ्याच गावात होती. मी मात्र ओट्याची उंची ठेकेदाराच्या सवयीवर सोडली होती आणि विळीची स्वतःच्या अंदाजावर.

एका ओळखीच्या माणसाबरोबर तिथे गेलो. त्यांचा 'नवीन' नावाचा विळा पाहिला. पात्याला बारीक दाते, मूठ हाताला इजा होऊ नये अशी वाकवलेली. गहू-धानाचे ताठ देठ अशा दातेरी पात्याने फार चांगले कापले जातात. मी एवढा भारावलो की घरी येऊन विळीसाठी दातेरी पाते केले. ही पुढची चूक. गव्हाच्या काडीला जे चालते ते कोथिंबिरीला चालत नाही. कोबीच्या कडा फाटल्या, टोमॅटोचा लगदा झाला. आणि दातेरी पात्याला घरी धार लावता येत नाही. आई पाट्याच्या कडेवर पाणी शिंपडून पाते घासायची आणि धार परत आणायची. ती सोयही मी काढून घेतली. दुसऱ्याने दुसऱ्या कामासाठी काढलेले उत्तर उचलायचे नसते. तिथून मापे उचलायची होती, मी दाते उचलून आणले.

याच सुमारास अमेरिकेतल्या एका साल काढायच्या सोलणीची हकिगत वाचली. सॅम फार्बर या उद्योजकाच्या पत्नीला, बेट्सी यांना, हातात संधिवात होता. धातूची बारीक मूठ असलेली सोलणी त्यांना धरवत नसे. त्यातून जाड, मऊ रबरी मुठीची स्वयंपाकाची हत्यारे निघाली आणि १९९० मध्ये 'ओक्सो' या नावाने बाजारात आली. आजारी बायकोसाठी नवऱ्याने केलेला शोध, अशी ती गोष्ट जगभर सांगितली गेली. पण मूळ कल्पना आपली होती, हे बेट्सी यांना पुढे आवर्जून सांगावे लागले. हे वाचून मी बराच वेळ काही बोललो नाही. मीही आईला रुग्णच धरले होते. तिच्या गुडघ्यांचा विचार केला. साठ वर्षे विळी चालवलेल्या तिच्या हातांना काय कळते, हे विचारलेच नाही.

मग विचारले. तिच्यासमोर मी जुन्या विळीवर बसलो, ती खुर्चीवर. म्हणाली, "तू भाजीकडे बघतोस. पायाकडे बघ. पायाने धरते मी तिला." आणि थोड्या वेळाने, "मला खुर्चीवर बसू दे, पण पाय तिच्यावर राहू दे. बस." एवढ्या थोड्या वाक्यांत आराखडा होता.

आता जे आहे ते असे. वीतभर रुंदीचे, ३८ सेंटिमीटर उंचीचे लाकडी स्टूल, त्यावर विळी पक्की. स्टुलाच्या तळाला एक लांब फळी, जी खुर्चीकडे येते आणि आईच्या दोन्ही पावलांखाली जाते. भाजी पुढे ढकलली की विळी पुढे सरकू पाहते आणि आईच्याच पायांचा भार तिला मागे धरून ठेवतो. खुर्चीवर बसल्यावर तिचे कोपर जमिनीपासून ६० च्या आसपास असते आणि भाजी चिरली जाते ५३ वर. पाते पुन्हा जुनेच, लोहाराचे. वापरून झाले की पुसायचे, तेलाचे बोट फिरवायचे आणि मुडपून ठेवायचे.

यातही एक गोष्ट माझ्याकडून सुटली होती. चिरलेले तुकडे पात्याच्या पलीकडे पडतात. खाली ताट असते म्हणून जमिनीवर कधी ते जाणवले नाही. स्टुलावरून पहिल्या दिवशी अर्धी भेंडी फरशीवर गेली. मग पुढच्या बाजूला ताट बसेल अशी कड असलेली फळी जोडावी लागली. तीही पहिल्यांदा पात्याच्या इतकी जवळ बसवली की पुसायला हात जाईना.

खोबऱ्याचे कोडे मला सुटलेले नाही. खवतानाचा आडवा हिसका हे अरुंद स्टूल नीट सोसत नाही, म्हणून आईला त्यावर नारळ घेऊ देत नाही. ते काम मी खाली बसून करतो. त्यासाठी खवणी वेगळी, रुंद पाटावर करायला हवी, हे उघड आहे.

घरातल्या कुणासाठी असे काही करायला घ्याल तर माझी मापे उतरवून घेऊ नका. ती १४७ सेंटिमीटर उंचीच्या एका बाईची आहेत. आपल्या माणसाला खुर्चीवर बसवा, जमिनीपासून कोपर मोजा आणि चिरायची जागा त्याच्या पाच-सात सेंटिमीटर खाली ठेवा. स्क्रू आणि क्लॅम्पच्या भरवशावर पाते सोडू नका; हत्यार वापरणाऱ्याच्या वजनाने धरले जाईल असे पाहा. आणि करवत हातात घेण्याआधी त्यांना एक अख्खी मेथीची जुडी जुन्या पद्धतीने निवडून-चिरून दाखवायला सांगा, मधे न बोलता.

आमच्याकडे गेल्या आठवड्यात गवार झाली होती, आणि त्याच्या आधी कोबी.